चिंचेने घासलेली जपानी फुलदाणी

माझी आई लोकांच्या घरी स्वयंपाक करते आणि सणावाराला त्यांची तांब्या-पितळेची भांडी उजळून देते. हे मी कॉलेजात कधी लपवलं नाही. पण मुद्दाम सांगायची वेळही कधी आली नव्हती. ती वेळ एका फुलदाणीमुळे आली. त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तरी ती सांगायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून म्हटलं लिहून बघावं. लिहिताना आवाज चढला तरी समोरच्याला ऐकू येत नाही.

आम्ही बहरीनमध्ये हूरा नावाच्या भागात राहतो. बाबा एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहेत. मी प्राथमिक शाळेत असताना साताऱ्याजवळच्या आमच्या गावाहून इथे बहरीनला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मी अकाउंटिंग शिकते. आईचा व्हिसा बाबांच्या व्हिसावर आहे, तिला स्वतःचा कामाचा परवाना नाही, त्यामुळे तिचं काम सगळं तोंडी. एका बाईने दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला. ‘हात स्वच्छ आहे, विश्वासाची आहे,’ एवढे शब्द पुढे गेले की काम मिळतं. तेच शब्द उलटे फिरले की सगळी दारं एकदम बंद होतात. आईकडे शिफारसपत्र नाही की अनुभवाचा दाखला नाही. तिच्याकडे तिचं नाव आहे, तेवढंच.

झिंज भागातल्या एका घरी ती बरीच वर्षं जात होती. तिथले काका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मूळचे पुण्याचे. काकू मराठी मंडळाच्या कमिटीवर. ते आईला मावशी म्हणायचे, आई त्यांना साहेब आणि ताई म्हणायची, मी त्यांना काका-काकू म्हणायचे. पुढे जे झालं त्यानंतरही मी त्यांना काका-काकूच म्हणते. दुसरं काही म्हणायला मला शिकवलेलंच नाही.

त्यांच्या हॉलमध्ये एक लांब उघडं शेल्फ आहे. त्यावर समई, पंचपात्री, काकूंच्या आजीचा पितळी डबा, तांब्याचा घागरीएवढा मोठा गडू, असं सगळं मांडलेलं. आणि त्यातच, अगदी कडेला, ती फुलदाणी होती. वीतभर उंचीची, काळी. बँकेत काकांचे पूर्वी एक जपानी साहेब होते, त्यांनी बहरीन सोडताना काकांना ती भेट दिली होती.

काळी म्हटलं तरी ती तव्यासारखी काळी नव्हती. खिडकीतला उजेड पडला की त्या काळ्यात जांभळट-निळसर झाक दिसायची, पिकलेल्या जांभळासारखी. त्यावर एका बाजूला उंच गवताची पाती होती, काही सोन्याची, काही तांब्याची. गवतात दोन लावे पक्षी बसलेले, आणि वर करड्या रंगाचा, जरासा ढगाळ चंद्र. एका लाव्याच्या डोळ्यात सोन्याचा ठिपका होता. कोणत्या देशाची, किती जुनी, मला काही माहीत नव्हतं. पण आई पोळ्या करत असली आणि मी हॉलमध्ये अभ्यासाला बसले की माझं लक्ष त्या लाव्याकडे जायचं. रात्री गवतात काहीतरी हललं आणि त्याने मान वर केली, असं वाटायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई भांडी उजळायला गेली. मला सुट्टी होती म्हणून मीही गेले. आई घासायची, मी पुसून ठेवायची, अशी आमची दरवर्षीची पद्धत. भिजवलेली चिंच, जाडं मीठ आणि काथ्या. आईच्या माहेरी म्हणतात की काळं भांडं म्हणजे घरातल्या बाईचा आळस. ती भांड्यावरचा काळा डाग असा घासते की जणू त्या डागाने तिला शिवी दिलीय.

काकू फोनवर होत्या. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी काय आणायचं ते चाललं होतं. फोन कानाशी तसाच धरून त्या शेल्फजवळ आल्या, एकेका भांड्यावर बोट ठेवत गेल्या आणि शेवटी ते बोट, कधी नव्हे ते, फुलदाणीवर थांबलं. म्हणाल्या, “मावशी, हाही फ्लॉवरपॉट घ्या. काळाकुट्ट झालाय नुसता.”

आईने विचारलं, “ह्यो पन चिंचंनंच?”

“हो, हो. आपलं तांबंच आहे ते. सगळं एकदम होऊन जाऊ दे.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तेव्हा समई पुसत होते. म्हणून पुढे जे झालं त्याबद्दल मला शंका घ्यायला जागाच उरत नाही. एरवी मी फार शंका घेते. वर्गात उत्तर माहीत असलं तरी हात वर करत नाही.

काळं सहज निघेना. आईने काथ्या दाबून फिरवला, पुन्हा चिंच लावली. मग खालून गुलाबी तांबं दिसायला लागलं. आई खूश झाली. धुऊन पुसून तिने फुलदाणी माझ्या हातात दिली. मला ती ओळखू येईना. लावे तांब्याचे, मागचं अंगही तांब्याचं, त्यामुळे पक्षी कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. चंद्राचा करडा रंग जाऊन तो फिक्या पत्र्यासारखा झाला होता. रात्र धुऊन निघाली होती आणि भर दुपारी चंद्र लटकत होता. सोन्याचा डोळा तेवढा तसाच होता. मला वाईट वाटलं, पण का ते सांगता आलं नसतं. घासलेलं भांडं वाईट दिसतं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

काकू फोन संपवून आल्या आणि म्हणाल्या, “बघा, कसा लख्ख निघाला. मावशींच्या हाताला तोड नाही.” त्यात त्यांनी झेंडूची फुलं खोचली आणि ती पुन्हा शेल्फवर ठेवली.

दसऱ्याला काका घरी होते, तेव्हा त्यांनी ती पाहिली. घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की दुसऱ्या दिवशी काकांचा आईला फोन आला आणि आईने तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकला, कारण ती पीठ मळत होती.

काका ओरडले नाहीत. त्यांचं बोलणं फार गोड असतं. ती वस्तू फार जुनी होती, तिचा काळा रंग हाच तिचा खरा रंग होता आणि तो आता गेला, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते जपानी साहेब ऑफिसच्या कामासाठी पुढच्या आठवड्यात बहरीनला येणार होते आणि घरी जेवायलाही येणार होते. ते फुलदाणी बघणारच. मग काका म्हणाले, “मावशी, तुमच्या हातून न विचारता झालं, आम्हाला मान्य आहे. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही. फक्त त्यांच्यासमोर एकदा सॉरी म्हणा, की मी माझ्या मनाने घासलं. बाकी मी सांभाळून घेतो.”

न विचारता. माझ्या मनाने.

आईचे हात पिठात थांबले. ती म्हणाली, ताईंनीच सांगितलं होतं. काका म्हणाले की ताईंना तर आठवतही नाही, त्या फोनवर होत्या, काही गैरसमज झाला असेल. पण आता तो विषय नको, आपण घरचीच माणसं आहोत. आई म्हणाली, “बरं.”

हे ‘बरं’ मी लहानपणापासून ऐकत आलेय. दुकानदाराला बरं, घरमालकाला बरं, शाळेतल्या बाईंना बरं. त्यात होकार असतोच असं नाही. समोरच्याने आता गप्प बसावं एवढंच कधीकधी त्यात असतं. पण फोनच्या पलीकडे ते होकार म्हणूनच ऐकू जातं.

मी आईला म्हटलं की तू असं काहीही म्हणायचं नाहीस. ती म्हणाली की तुला भूक लागली असेल तर आधी खाऊन घे.

मला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं. काकूंना आठवत नाही हे मी कसं मानायचं? लख्ख निघाला म्हणताना त्यांचा चेहरा मला आठवत होता. त्यांनी चूक केली याचा मला राग नव्हता, खरंच नव्हता. तांब्याची वस्तू काळी दिसली तर चिंच लावायची, हे आपल्यापैकी कुणीही केलं असतं. साताऱ्यात केलं असतं तसं पुण्यातही केलं असतं. राग याचा होता की चूक दोघींनी मिळून केली आणि वाटून घ्यायच्या वेळी ती सगळीच्या सगळी आईच्या पदरात टाकली. आणि वर तिच्यावर उपकार केल्यासारखं, ‘तुम्ही काही मुद्दाम केलं नाही.’

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत डिझाइनवाल्या मुलांचा एक वेगळा कोपरा आहे. तिकडे मी कधी फिरकले नव्हते. तिथे जपानी धातुकामावरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. ते घरी न्यायला देत नाहीत, म्हणून मी तिथेच बसून वाचलं. इंग्रजी अवघड होतं. पण चित्रं बघितल्याबरोबर मला कळलं की ही तीच. ती फुलदाणी नव्हे, पण तिच्या घराण्यातली.

जे कळलं ते असं. ते काळं म्हणजे मळ नव्हता, आणि वरून लावलेला रंगही नव्हता. तांबं वितळवताना त्यात थोडं सोनं मिसळतात, त्या धातूला शाकुदो म्हणतात. तांब्यात चांदी मिसळून केलेला दुसरा धातू, शिबुइची, त्याचा करडा चंद्र होतो. हे कारागीर आधी तलवारींच्या मुठी आणि त्यांचं सामान घडवायचे. तलवारी बाळगण्याचे दिवस संपल्यावर तेच हात फुलदाण्या आणि डब्यांकडे वळले. अंगावर बारीक खाच कोरायची, तिच्यात दुसऱ्या धातूचा तुकडा ठोकून बसवायचा, असं गवताचं एकेक पातं. आणि हे सगळं होईपर्यंत वस्तू तांबूसच दिसते. अगदी शेवटी ती किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवायची आणि मग तांब्याचे क्षार घातलेल्या पाण्यात उकळायची. सगळे धातू त्या एकाच पाण्यात असतात, आणि प्रत्येक आपापला रंग धरतो. शाकुदो काळा होतो, शिबुइची करडा होतो, तांबं लालसर होतं, सोनं सोनंच राहतं. ती रंगाची कातडी इतकी पातळ असते की जोरात घासलं तर जाते. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की या वस्तू कधीही घासून चकाकवू नयेत.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती मेथी निवडत होती.

“सोनं घालून काळं करायचं?” तिने विचारलं. “आनि वर मुळा?”

मी म्हटलं, हो, मुळा.

ती हसली. म्हणाली, आपण चिंच लावतो, ते मुळा लावतात, सगळ्या देशांत बायकांच्या फडताळातनंच समदं निघतंय. मग हसू थांबलं आणि ती बराच वेळ काड्या मोडत राहिली.

“म्हंजी कुनीतरी आयुष्य घालून काळं केलं आनि म्या ते चिंचंनं धुतलं.”

मी म्हटलं की तुला माहीत नव्हतं, आणि तुला सांगितलं म्हणून तू केलंस.

“त्ये खरं हाय. पर हात माझाच व्हता. त्या मानसाला म्या सॉरी म्हननार. ती मूळची त्येची वस्तू हाय, दुखनं त्येचं हाय.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “पर माझ्या मनानं केलं आसं न्हाई म्हननार. हात माझा व्हता, मन माझं नव्हतं.”

बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, कशाला वाढवता, मोठी माणसं आहेत, एकदा म्हणून टाक आणि खलास. मला बाबांचाही राग आला. पण बाबांना काय भीती वाटते ते मला ठाऊक आहे. काकूंनी मंडळात एक शब्द टाकला तर सनाबिस भागातली कामं जातील, हूऱ्यातली जातील, आणि मग आई दिवसभर आमच्या एका खोलीत बसून राहील.

जेवणाच्या दिवशी मीही आईबरोबर गेले. मोठं जेवण असलं की मी वाढायला जातेच. जपानी साहेबांना आईची अळूवडी आवडायची, म्हणून ती मुद्दाम केली होती. ते शांत, सडसडीत गृहस्थ होते. दारातच बूट काढून त्यांनी नीट बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवले. काकूंनी शेल्फवरून फुलदाणी काढली नव्हती. काढली असती तर ती कुठे गेली असं त्यांनी विचारलं असतं, आणि ठेवली तर सांगण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती.

जेवण होईपर्यंत फुलदाणीचा विषय निघाला नाही. त्यांची पाठ शेल्फकडे होती. मग सोफ्यावर बसताना त्यांनी ती पाहिली. ते उठले, जवळ गेले, हात न लावता खाली वाकून बघत राहिले. मी रिकाम्या वाट्या घेऊन जात होते, ती जागीच थांबले. ते इंग्रजीत हळू म्हणाले की ही माझ्या आईची होती, थंडीची चाहूल लागली की ती बाहेर काढायची.

काकांनी लगेच आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि भिंतीजवळ उभी राहिली. काका इंग्रजीत म्हणाले की आम्हाला फार शरम वाटतेय, आमच्या बाईकडून हे झालं, तिला तुम्हाला काही सांगायचंय. मग आईकडे वळून मराठीत म्हणाले, “त्यांच्या आईची होती ही. बोला मावशी.”

आई त्या पाहुण्यांकडे बघून बोलली. त्यांना मराठी कळत नाही हे तिला माहीत होतं, पण ती त्यांच्याकडेच बघत होती. “साहेब, ही वस्तू म्या घासली. ताईंनी घ्या म्हनलं, म्हनून घासली. काळं म्हंजी मळ आसंल आसं मलाबी वाटलं, त्येंनाबी वाटलं. तुमच्या आईची वस्तू माझ्या हातानं खराब झाली, त्येची माफी मागते.”

काकूंनी मान खाली घातली. म्हणजे त्यांना आठवत होतं.

आणि काकांनी भाषांतर केलं. न अडखळता, त्यांच्या छान इंग्रजीत: ती म्हणतेय की तिने आम्हाला न विचारता, स्वतःच्या मनाने ती घासली, कारण तिच्या गावी तशी पद्धत आहे. तिला फार वाईट वाटतंय.

मला आजही विश्वास बसत नाही की हे माझ्यासमोर झालं. खोटं बोलणं मी समजू शकते, माणूस घाबरून खोटं बोलतो. पण आईने खरं सांगितलं होतं, काकांनी ते पूर्ण ऐकलं होतं, आणि तिच्या तोंडातून निघालेलं खरं त्यांनी वाटेतच बदललं. ती तिथे उभी होती, हात जोडून, आणि आपलं बोलणं पोचलं असं समजत होती. तिची भाषा तिच्या देखत तिच्याच विरुद्ध वापरली. ज्या माणसाला आम्ही काका म्हणतो त्याने.

माझ्या हातात वाट्या होत्या. त्या मी टेबलावर ठेवल्या. इतक्या हळू ठेवल्या की आवाज झाला नाही. मला इंग्रजीत वाक्य जुळवायला वेळ लागतो, आधी मनात व्याकरण तपासते. त्या दिवशीही तपासलं.  मग मी म्हटलं, “सर, माझी आई असं म्हणाली नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एकेक वाक्य सांगितलं, आईने ज्या क्रमाने सांगितलं होतं त्याच क्रमाने. घासली तिनेच. घासायला सांगितलं काकूंनी. काळं म्हणजे मळ आहे असं दोघींनाही वाटलं. तुमच्या आईची वस्तू माझ्या हाताने खराब झाली म्हणून मी माफी मागते. मी काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. शाकुदो, सोनं, मुळा, मला जे काही माहीत होतं त्यातलं काहीही बोलले नाही. ते माझं बोलणं झालं असतं, आणि तिथे मला फक्त तिचं पोचवायचं होतं.

काका मराठीत म्हणाले, “अगं, तोच अर्थ होतो.”

“नाही होत, काका.”

एवढंच मला जमलं. 

मी अशा क्षणाबद्दल खूप विचार करून ठेवला होता. मला वाटत होतं की खरं बाहेर आलं की काहीतरी घडेल, कुणीतरी उठेल, कुणीतरी कुणाला तरी काहीतरी म्हणेल. तसं काही झालं नाही. जपानी साहेब क्षणभर आईकडे बघत राहिले, मग मान लववली. आईनेही लववली. ते म्हणाले की ठीक आहे, जुनी वस्तू आहे, रंग पुन्हा चढवणारे लोक आहेत, पण ती अशीच असू द्या. मग काकांकडे बघत म्हणाले, “यापुढे त्यांना सांगा, फक्त मऊ कापड.” आणि लगेच त्यांनी बँकेतल्या कुणा ओळखीच्या माणसाची चौकशी केली. काकांनी उत्तर दिलं. दोघं सोफ्यावर बसले. चहा मागवला गेला.

तो चहा मी नेऊन दिला, याचा मला अजूनही राग येतो. जपानी साहेबांनी काकांना वाचवलं की काकांना सुनावलं, मला कळलं नाही. ‘त्यांना सांगा’ म्हणताना त्यांची नजर आईवर नव्हती, काकांवर होती, एवढं मी पाहिलं. पण माझ्या आईच्या नावाचं काय, हे त्या सोफ्यावर कुणी विचारलं नाही. मोठ्या माणसांचं सभ्य वागणं म्हणजे एक जाड गालिचा असतो. त्याखाली काय काय जातं, ते झाडणाऱ्यालाच माहीत.

काकू स्वयंपाकघरात आल्या. त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, आता त्या आईला काही म्हणतील. त्या मला म्हणाल्या, “कॉलेजात हेच शिकवतात का गं? पाहुण्यांसमोर?”

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “कालेजात न्हाई, ताई. घरी शिकवलंय.” आणि उरलेल्या अळूवड्या डब्यात भरून झाकण लावलं.

बाबा कंपनीची गाडी घेऊन आले होते. गाडीत आईने मला विचारलं, मी बोलले ते त्या माणसाला सगळं कळलं का? मी म्हटलं, सगळं. शेवटी तो काय म्हणाला? मी सांगितलं, फक्त मऊ कापड. ती म्हणाली, हां, आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं होतं ती शाबासकी देईल किंवा रागावेल. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

पुढचे दिवस कठीण गेले. मंडळात फुलदाणीबद्दल कुणी काही बोललं नाही. फक्त ‘मुलगी फार बोलायला लागलीय, आईच्या डोक्यात हवा भरते’ एवढं पसरलं. सनाबिसच्या एका घरी आईला सांगितलं की आता आम्ही डबा लावलाय. कुठेही खोटं पकडता येणार नाही अशी ती वाक्यं होती. मी आईला म्हटलं की माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, तुझ्यामुळे कसं, बोलणं तर माझं होतं. बाबांनी त्या आठवड्यात रोज संध्याकाळी तिच्यासाठी गजरा शोधून आणला.

मग दिवाळी तोंडावर आली आणि काकूंचा फोन आला. जसं काही झालंच नव्हतं. “मावशी, यायचं ना भांड्यांना? तुमच्याशिवाय मला कुणाचं पटत नाही.” आई म्हणाली, “बरं.”

मी भयंकर चिडले. ज्या घराने तुला खोटं ठरवलं तिथे पुन्हा जायचं? मी म्हटलं, तुला काही मान आहे की नाही. हे वाक्य मी आईला म्हणायला नको होतं, पण तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं होतं, आणि अजूनही थोडंसं वाटतं. ती म्हणाली, “गेले न्हाई तर लोक म्हनतील, खोटी व्हती म्हनून तोंड लपवलं. तू ये संगं.”

मी गेले. चिंच भिजलेली होती, मीठ काढलेलं होतं. काकू हॉलमधूनच म्हणाल्या, शेल्फवरचं सगळं घ्या. आई स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून राहिली. हात मांडीवर.

काकू पुन्हा म्हणाल्या. आई म्हणाली, “ताई, जे घासायचं त्ये तुम्ही तुमच्या हातानं आनून ठेवा. शेल्फाला म्या हात लावनार न्हाई.”

 मग समई आली. पंचपात्री आली. आजीचा पितळी डबा आला. काकू एकेक भांडं उचलून आणत होत्या, आईच्या समोर ठेवत होत्या, पुन्हा जात होत्या. तो जड गडू त्यांना एका हाताने पेलेना, तेव्हा मी उठायला लागले. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी बसले. काकूंनी तो गडू दोन्ही हातांनी उचलून आणला आणि धापा टाकत खाली ठेवला.

शेवटी शेल्फवर फुलदाणी तेवढी उरली. मला दारातून ती दिसत होती. ती गुलाबी राहिली नव्हती. जिथे तिथे तपकिरी, मळकट डाग धरत होते. काही ठिकाणी गवताची पाती पुन्हा वेगळी दिसायला लागली होती, पण ती पहिल्यासारखी रात्र नव्हती.

“आणि हे?” काकूंनी विचारलं.

आई म्हणाली, “त्ये साहेबांना इचारा. माझ्यासमोर इचारा.”

काका आत लॅपटॉपवर काम करत होते. काकूंनी हाक मारली, ते दारात आले. त्यांनी फुलदाणीकडे बघितलं, मग खाली आईकडे. माझ्याकडे बघितलं नाही.

“त्याला नका हात लावू, मावशी,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “मागच्या वेळी आमच्याकडून... सांगायचं राहिलं.”

सांगायचं राहिलं नव्हतं. सांगितलं होतं, बोट ठेवून सांगितलं होतं. माझ्या जिभेवर ते आलं होतं. पण आईने काथ्या उचलला, समई जवळ ओढली आणि म्हणाली, “बरं.” काका अजून दारातच उभे होते. ती घासायला लागली, आणि ते जाईपर्यंत तिने मान वर केली नाही.